सप्टेंबरचा वारा

“सगुण, सप्टेंबरचा आलेख मोठा करून द्या. उद्या दिल्लीत सगळे त्याबद्दलच विचारतील,” असं म्हणून समुद्र संशोधन संस्थेच्या लेले मॅडम आपल्या खोलीत गेल्या.

सगुण तासभर त्याच आलेखासमोर बसून होता. सप्टेंबरात उत्तरेचा वारा किनाऱ्यालगत वाहिला, वरचं पाणी बाहेर ढकललं गेलं आणि तळाचं थंड पाणी वर आलं, असं संगणकाचं मॉडेल सांगत होतं. उपग्रहाने टिपलेला वारा नेमका उलटा, दक्षिणेचा. मॉडेल चुकतं, हेच मॅडम उद्या भाषणात मांडणार होत्या.

पण सगुण गोव्याच्या किनाऱ्यावरच्या हरमल गावचा. त्या सप्टेंबरात गणपतीच्या चवथीला तो घरी गेला, तेव्हा भाऊ बाबाजी किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढून आला होता. “उदक बर्फ जालां रे! सुंगटां आपसूक वाळूर येतत,” म्हणत त्याने टोपलीभर कोळंबी दाखवली होती. म्हणजे तळाचं थंड पाणी खरंच वर आलं होतं.

म्हणून सगुणने आज उपग्रहाच्या फाइलींबरोबर आलेलं पत्रक काढलं. सप्टेंबरपासून पद्धत बदलली होती. वारा कुठून येतो ते नव्हे, कुठे जातो ते आता लिहिलेलं असे. पत्रकावर पोच म्हणून त्याचीच सही होती. न वाचता केलेली.

बारा वर्षं तो कंत्राटावर होता. कायम होण्याचा कागद मार्चमध्ये मॅडमकडेच जाणार होता. गप्प बसलं तर कुणाला कळणार?

ते पत्रक घेऊन तो मॅडमच्या खोलीत गेला.

“मॅडम, वारा उलटा धरला मी. मॉडेल बरोबर आहे.”

मॅडमनी पत्रक वाचलं. सहीवर त्यांची नजर थांबली.

“आणखी कुणाला माहीत आहे?”

“कुणाला नाही.” त्या आता गप्प राहायला सांगतील की काय, याचीच त्याला भीती वाटली.

पत्रक टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, “दिल्लीला फोन लावा. माझं भाषण रद्द. माहितीत चूक सापडली म्हणा.”

“कोणाची म्हणून सांगू?”

“विचारलं तर माझं नाव सांगा.”

पलीकडच्या माणसाने विचारलंच. सगुणने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

“माझी,” तो म्हणाला आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं. त्या माणसाला ते नीट ऐकू गेलं नाही. मग सगुणने एकेक अक्षर सुटं करून पुन्हा सांगितलं.