खळ लावलेली मेंढी

मी भरतकामाची रिंग. लाकडाच्या दोन कड्या, एकीत एक बसणाऱ्या, आणि वर पितळी स्क्रू. कापड ताणून धरायचं, एवढंच माझं काम. पण कुणाच्या तरी मांडीवर दिवस काढायचे म्हटल्यावर घरातलं सगळं कानावर पडतंच. मी काही मुद्दाम ऐकत नाही.

माझी पहिली मालकीण प्रेमलाबाई, भवानी पेठेतल्या निवृत्त शिक्षिका. एकेरी दोऱ्याचे लांब-आखूड टाके एकमेकांत असे मिसळायच्या, की पोपट रंगवलाय की भरलाय ते कळू नये. पुढे त्यांचे हात थरथरू लागले आणि मी बिस्किटांच्या डब्यात पडले. पाच वर्षं!

मला बाहेर काढलं ते शेजारच्या तानाबाईसाठी. तिचे मालक, म्हणजे नवरा, सिद्धाप्पा, जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. त्यांच्या अंगावरून वारं गेलं, मेंढरं विकली. मुलगा कुमार चिंचोळीच्या कारखान्यात. त्यानं दोघांना इथं आणलं. तेव्हापासून सिद्धाप्पा भिंतीकडं तोंड करून पडलेत. बोलत नाहीत, बघत नाहीत. आताशा घासही जेमतेम गिळतात.

"मला त्यांची मेंढी भरायला शिकवा ताई," तानाबाई म्हणाली. "वळखीचं दिसलं तर वळतील की."

तिच्या बोटांच्या भेगांत दोरा अडकायचा. खोबरेल लावलं, तर कापडाला डाग. आठवडाभरानं प्रेमलाबाई म्हणाल्या, "ही मेंढी आहे का सशाची आत्या?"

दोघी पोट धरून हसल्या. मग तीन वेळा उसवलं.

"टाके या फोटोतल्या मेंढीसारखे घे गं," प्रेमलाबाई सांगायच्या.

"फोटूला काय कळतंय? लोकर मानंपासनं खाली येती. मी कातरलीया ह्या हातांनी!"

रोज संध्याकाळी ती मला खाटेशी नेई. "आवं, बघा की. आज पाठ झाली." सिद्धाप्पांची पाठ मात्र तशीच.

चार महिन्यांनी मेंढी उभी राहिली. पण दोऱ्याची चकाकी तानाबाईला खटकली. लोकर अशी चमकते होय? घोंगड्याला लावतात तशी तिनं चिंचोक्याची खळ शिजवली आणि मेंढीला फासली. तोंडाचा काळा रंग पांढऱ्या अंगावर ओघळला.

"अगं बाई, हे काय घोंगडं आहे?" प्रेमलाबाई ओरडल्या.

तानाबाई मला पोटाशी धरून रडायला लागली. तेवढ्यात खाट करकरली. खळीच्या वासानं सिद्धाप्पा वळले होते! त्यांनी मेंढीकडं बघितलं. मेंढरांना हाळी घालावी तसा घशातून एक आवाज आला. तिनं घाईघाईनं पेज भरवली. चार चमचे गेली. मग पुन्हा भिंत.

त्याला आज बारा दिवस झाले. तानाबाई रोज खळ शिजवते, रोज मेंढीला फासते, मला खाटेशी नेऊन उभी राहते. पेज बहुतेक निवूनच जाते. त्यांनी घेतल्याशिवाय तीही धड जेवत नाही. मेंढीचे पाय कुठले आणि पोट कुठलं ते आता कळत नाही. ओलीनं माझं लाकूड फुगलंय, सांधा उकललाय, मुंग्या लागल्यात. प्रेमलाबाई दारात येतात आणि तशाच परत जातात.

आत्ताही चुलीवर खळ रटरटतेय. माझं काय, मी आज ना उद्या तुटेन. पण सिद्धाप्पा, बाबा, तानाबाई उपाशीच उभी आहे हो. बोलू नका, हाळीही घालू नका. दोन चमचे पेजेपुरतं तरी इकडं तोंड करा.