गुड फ्रायडेची कोंबडी

माझ्या बायकोला तुम्ही अकरा वर्षं उपाशी ठेवलंत.

तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या तुमच्या प्रार्थनासभेतले चारजण माझी रिक्षा अडवतील आणि तुम्ही डोळे मिटून माझ्याचसाठी प्रार्थना कराल. कोणाला म्हणतोय ते तुम्हाला बरोबर कळेल.

आमचं पहिलं बाळ पोटातच गेलं. एलिसा रडून रडून वाळली, तेव्हा शेजारणीने तिला तुमच्या सभेला नेलं. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून विचारलंत, "पोटुशी असताना उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस खाल्लंस का?" खाल्लं होतं. डोहाळे लागले होते, कोंबडी मागितली. मीच आणून दिली होती, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन. "मग पाळणा कसा हलेल?" म्हणालात. भरल्या हॉलमध्ये. आणि प्रायश्चित्त म्हणून दर शुक्रवारी कडक उपास सांगितलात.

आमचे फादर घरी आले होते. म्हणाले, "अगं, गरोदर बाईला कसला उपास? देव काय पोलीस आहे? त्याची माया फुकट मिळते, ती भूक देऊन विकत घ्यायची नसते." पण फादर हळू बोलतात. तुमच्याकडे माइक होता.

तेव्हापासून दर शुक्रवारी दिवेलागणीपर्यंत एलिसाच्या तोंडात पाण्याचा थेंब नाही. कामालाही त्या दिवशी सुट्टी. काम म्हणजे बोळिंजच्या दिनानाथकाकांना सांभाळायचं. पानवेलींची वाडी विकून काका मुला-सुनेकडे सातव्या मजल्यावर राहायला आले आणि हळूहळू सगळं विसरले. मुलाचं नाव विसरले. बायको, म्हणजे सावित्रीकाकू, गेल्या, तेही विसरले. एक गोष्ट तेवढी पक्की राहिली: भरवणाऱ्या बाईने आधी स्वतः घास खायचा, मगच ते तोंड उघडणार. काकू आयुष्यभर सगळ्यांच्या मागून जेवल्या, ते त्यांना कधीच आवडलं नव्हतं म्हणे.

या वर्षी गुड फ्रायडेला दुपारी त्यांच्या सुनेचा, उन्नतीचा, फोन आला. "एलिसाताई, माझी आई बाथरूममध्ये पडली. आम्ही डहाणूला निघालोय. बाबांना इन्सुलिन दिलंय, ताट वाढून झाकलंय. तुम्ही लगेच याल ना?"

"आज गुड फ्रायडे आहे गं," एलिसा म्हणाली. म्हणता म्हणता चपला शोधायला लागली.

रिक्षा काढली. वाटेत क्रुसाच्या वाटेची मिरवणूक लागली. रस्ता बंद. लोक गुडघे टेकतायत आणि ही माझ्या मागे बसून ओरडतेय, "प्लासिड, काढ ना बाजूने! काकांची शुगर उतरेल!"

वॉचमन आत्मारामकडून किल्ली घेऊन वर गेलो तर काका खुर्चीत घामाने भिजलेले. हात थरथरतायत, जीभ जड झालेली. एलिसाने साखरेचा चमचा पुढे केला. काकांनी दात आवळले.

"आधी तू."

"काका, माझा उपास आहे."

मी म्हटलं, "काका, हे बघा, मी खातो."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू कोण? रिक्षावाला? घरी जाऊन जेव. बायको वाट बघत असेल."

एरवी मी हसलो असतो.

"उपास कोणासाठी?" त्यांनी तिला विचारलं.

"देवासाठी."

"त्यानं सांगितलं, जेवू नको?"

काकांची मान एका बाजूला कलायला लागली. तशी तिने तो चमचा स्वतःच्या तोंडात घातला, दुसरा भरला आणि त्यांच्या ओठांना लावला. काकांनी तोंड उघडलं.

जरा तरतरी आल्यावर ताट उघडलं. भात आणि कोंबडीचा रस्सा. नुसत्या साखरेवर भागणार नव्हतं, पोटात अन्न जायला हवं होतं. एलिसाने भाताचा घास घेतला तर काकांनी तिचा हात धरला. तंगडी उचलून तिच्यापुढे धरली.

"ही तुला. तू नेहमी मागून जेवतेस. तुला नुसता रस्सा उरतो."

तिने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तिचं तिलाच ठरवू दे म्हटलं.

तिने खाल्ली. चावताना रडत होती. मग रडायची थांबली, चावायची थांबली नाही. एक घास तिचा, एक काकांचा, असं करत ताट चाटूनपुसून साफ झालं. येशूने प्राण सोडला ती तीनची वेळ कधी टळून गेली कळलंच नाही, त्या दिवशी चर्चच्या घंटा वाजत नाहीत ना. छप्पर कोसळलं नाही. काकांचे गार पडलेले हात गरम झाले, एवढंच झालं.

"प्लासिड," ती म्हणाली, "बाळ माझ्यामुळे नाही गेलं रे."

"नाही गो."

"कोंबडीमुळे पण नाही."

"कोंबडी बिचारी काय करणार?"

हसली. जोरात हसली. घरातसुद्धा तिला असं हसताना किती वर्षांत ऐकलं नव्हतं. मग म्हणाली, "मग इतकी वर्षं मी कोणाला खूश करत होते?"

ती तिथेच खुर्चीत मान टाकून झोपली, बोटांना रस्सा तसाच. काका उठले, स्वतःच्या गुडघ्यांवरची शाल तिच्या अंगावर घातली आणि मला दटावलं, "हळू बोल. जेवून झोपलीय ती."

म्हणून हळूच विचारतोय. तिने विचारलेला प्रश्न तुमचा आहे. त्याच हॉलमध्ये, तोच माइक हातात घेऊन उत्तर द्या. कोणाला खूश करत होती ती? देवाला, की तुम्हाला?