शिवणीतली माया

शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड राखून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. अंग वाढले की शिवण उसवायची, थोडी माया सोडायची आणि पुन्हा टाका घालायचा. तिचा नवरा या कामात इतका वाकबगार होता की गिऱ्हाइकाला पत्ता लागत नसे. बँकेतले साहेब दर वर्षी बटण तुटल्याचे निमित्त करून कोट टाकून जात. तो बटण लावी आणि न सांगता पाठीची शिवणही सैल करी. मग साहेब आरशासमोर वळून वळून बघत आणि लग्नातला कोट अजून अंगाला बसतो म्हणून खूश होत. ते गेले की दोघे नवरा-बायको पोट धरून हसत.

ती स्वतः चष्म्याच्या दुकानात भिंगे घासत असे. तिथे असली सवलत नव्हती. भिंगाचा मध्य केसभर सरकला तरी माणसाचे डोके ठणकू लागते.

शहरातल्या धावपटूंच्या मंडळाचा महिलांचा एक संघ होता. पाच किलोमीटरची वार्षिक शर्यत अर्ध्या तासाच्या आत पुरी करील तिला संघात घेत. मात्र वय चाळिशीच्या आत हवे. गेल्या वर्षी तिची वेळ थोडक्यात हुकली होती आणि यंदाची संधी शेवटची होती. नणंद फोनवर चिडवायची, "वहिनी, कुत्रं मागे लागलंय की सावकार?" ती हसून सोडून देई. पण संघाचा तो गडद हिरवा सदरा तिच्या डोळ्यांसमोरून हलत नसे. लग्नानंतर केवळ स्वतःसाठी म्हणून तिने मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

तयारीचा भार नवऱ्याने अंगावर घेतला. सायकलच्या चाकावर खूण करून, फेरे मोजत त्याने दारापासून अंतर मापले. निम्मे अंतर एका जुन्या गोदामाच्या भिंतीपाशी भरले. भिंत लांबच लांब होती. तिला ना खिडकी ना दार. तिथे त्याने आपल्या कापडावरच्या निळ्या खडूने उभी रेघ ओढली. रेघेला हात लावायचा आणि परत फिरायचे. घड्याळ घेऊन तो दारात उभा राही. दवाने रेघ पुसट होई, म्हणून दर आठवड्याला तोच जाऊन ती पुन्हा ओढून येई.

पहिला महिना वाईट गेला. वेळ जागची हलेना, तिचे जेवणही कमी झाले. मग हळूहळू वेळ उतरू लागली. नवऱ्याने शिवलेली पळायची पँट कमरेत काचायची, तीही सुटसुटीत झाली. एका सकाळी तो घड्याळ उंच धरून म्हणाला की अर्ध्या तासाच्या आत आलीस, आणि ती पायरीवर बसून रडली.

त्याच सुमारास पूर्वी पोस्टात असलेल्या एक ओळखीच्या बाई भेटल्या. नोकरी सुटल्यापासून त्या धावपटूंच्या मंडळात मुलींना पळायला शिकवत. तिला पळताना पाहून त्या म्हणाल्या की वेळ चांगली असेल, पण दम फार लागतोय. रविवारी मुलींबरोबर चढावर पळायला ये. वेळ तर हातात आलीच होती. शिवाय दुसरीकडे गेले तर नवऱ्याला वाईट वाटेल असे तिच्या मनात आले. तिने हसून नाही म्हटले.

शर्यतीच्या दिवशी ती नेमकी रोजच्या वेगाने पळाली. रोजच्या हिशेबाने आता शर्यत संपते तिथली कमान दिसायला हवी होती. वळण ओलांडले तरी पुढे नुसत्या पाठी दिसत होत्या आणि त्यांच्यापुढे रस्ता. कमानीखालून ती गेली तेव्हा वरच्या घड्याळात अर्धा तास केव्हाच उलटला होता. वेळ गेल्या वर्षीपेक्षाही वाईट होती. रस्ता जास्त मापला गेलाय, असे ती बाईंना म्हणाली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "रस्ता बरोबर आहे गं. घरचा कोणी मापलाय?"

ती तशीच गोदामाकडे गेली. आजवर पहाटेच्या अंधारात, मान खाली घालून ती इथवर येत असे. उन्हात भिंत पहिल्यांदाच नीट दिसली. ताज्या निळ्या रेघेपलीकडे एक पुसट रेघ होती, तिच्यापलीकडे आणखी एक. शिवण उसवल्यावर जुन्या टाक्यांची भोके राहतात, तशा त्या एकामागून एक लांबवर गेल्या होत्या. शेवटची पार भिंतीच्या दुसऱ्या टोकाला होती.

ती नवऱ्याच्या दुकानात शिरली तेव्हा तो एक बाही उसवत होता. तिचा चेहरा पाहून त्याने कात्री खाली ठेवली.

"रेघ कितीदा सरकवली?"

त्याने अर्धवट उसवलेली बाही बाजूला सारली. "तू जेवत नव्हतीस नीट. म्हटलं, एकदाच जरा सैल करू. मग तू इतकी खूश झालीस की मागे घेता येईना."

"मला खरं कळलं असतं तर मी बाईंकडे गेले असते. अजून दोन महिने होते हातात."

"मला वाटलं, हुरूप आला की पाय आपोआप—"

"बँकेतल्या साहेबांसारखं केलंत माझं," ती म्हणाली. "मागे हसलात पण असाल."

"नाही गं. देवाशपथ नाही."

ते खरे असावे असे तिला वाटले. पण त्याने काही हलके झाले नाही. तो म्हणत होता की उद्याच सायकल काढतो, पुन्हा नीट मापतो. "राहू द्या," ती म्हणाली. मग काहीतरी आठवून ती आतल्या खोलीत गेली, अंगावरची पळायची पँट बदलली आणि ती उलटी करून खिडकीपाशी धरली. कमरेची शिवण उसवून पुन्हा घातलेली होती. जुन्या टाक्यांची भोके ओळीने शाबूत होती आणि नवा टाका कापडाच्या अगदी कडेला आला होता. आत माया उरलीच नव्हती.

तिने नवऱ्याच्या डब्यातून सुई-दोरा घेतला. दारातून त्याने मी करून देतो असे म्हटले, तेव्हा तिने मान वर केली नाही. भिंगाचा मध्य शोधावा तसे एकेक जुने भोक शोधत ती टाका घालत राहिली.