खोक्यातल्या घराचा बाबा

मी एक जुना लाकडी बाबा आहे. हसू नका, मित्रांनो! बोटभर उंची, रंगवलेली मिशी, एक पाय डिंकाने चिकटवलेला. पण आहे मी बाबाच. एका म्हाताऱ्या सुताराने आई, बाळ आणि मला एकाच फळीतून कोरलं. वाटलं होतं, आता बाहुलीघरात ऐटीत राहायचं. कसलं काय!

आमचं घर गेलं अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला, मुलांच्या मनावर उपचार करणाऱ्या नैनाताईंच्या खेळखोलीत. मनातलं सांगता न येणारी मुलं तिथे येत आणि खेळातून सांगत. नैनाताई उपदेश करत नसत. जे दिसेल तेवढंच म्हणत. बरीच मुलं एकट्या आईजवळ राहणारी, त्यामुळे सगळा राग माझ्यावर! कुणी मला वाळूत पुरलं, देवांग नावाच्या मुलाने तर आपटून पायच मोडला. फार वाईट वाटायचं हो.

१९९६ साली सात वर्षांची उत्तरा आली. शाळेत तिने बोलणंच सोडलं होतं. इथे ती मला खिडकीत नेऊन ठेवायची, तोंड बाहेर करून.

"बाबा लांब आहे," नैनाताई म्हणाल्या.

"ही इज इन इंडिया," ती हळूच म्हणाली. "असं सांगायचं."

खरं तर तिचा बाबा आईपासून वेगळा होऊन व्हर्जिनियात राहत होता. उत्तरा दर रविवारी बुद्धवंदनेला हात जोडून पंचशील म्हणायची. त्यात खोटं न बोलण्याचंही वचन असतं. मग तिथेच पंगतीत जेवताना एखादी काकू विचारायची, "बाबा दिसत नाहीत गं?" लगेच तिची आई शरयू सांगायची, "प्रोजेक्टसाठी इंडियाला गेलेत." उत्तराने नुसती मान डोलवायची. तोंड उघडलं तर खरं निसटेल, म्हणून पोर गप्पच झाली.

एकदा शरयूही खेळायला बसली. उत्तराने आई-बाहुलीला बाथरूममध्ये ठेवलं आणि बाळाला टॉवेल देऊन दाराबाहेर उभं केलं.

"आई आत रडते. नळ चालू असला तरी ऐकू येतं. तिला टॉवेल लागेल ना."

शरयूला रडू आवरेना. "माझं चुकलं गं. बाबा आता परत येणार नाहीत. कुणी विचारलं तर खरंच सांग. मीही सांगेन."

"स्कूलमध्ये पण?"

"हो, स्कूलमध्ये पण."

उत्तराने मला खिडकीतून उचललं. वाटलं, आता घरात! छे. तिने बुटांचं रिकामं खोकं शेजारी मांडलं, मला त्यात निजवलं आणि तोच टॉवेल माझ्यावर पांघरला. "हे बाबाचं घर. त्याला पण थंडी वाजत असेल."

पुढच्या खेपेला शरयू हसतच आली. शाळेतून तक्रार होती: उत्तरा वर्गात फार बडबड करते!

आता माझी मिशीही पुसट झाली आहे. मित्रांनो, मला खुशाल वाळूत पुरा, खोक्यात ठेवा. पण मी कुठे आहे ते लेकरांना खरं सांगू द्या. आणि पंगतीत कुणाचा बाबा दिसला नाही, तर विचारत बसू नका. त्या लेकराला आपल्याशेजारी बसवून आधी वाढा.