माझ्या तोंडाला तेल लावू नका

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. बोटाच्या पेराएवढी माझी उंची, पण ओरडले तर अख्खी गल्ली वळून बघते. मोटारीच्या पुढच्या चाकात ब्रेक असतो ना, त्याच्या पॅडवर माझा मुक्काम. ब्रेक दाबला की पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला घट्ट पकडतं आणि गाडी थांबते. रोज घासून घासून पॅड झिजतं. ते पार झिजलं की मी चकतीला टेकते आणि किंचाळते, "कीऽऽऽ!" म्हणजे, बाबांनो, पॅड बदला! कारखान्यात मला एवढ्याचसाठी घडवलं. तोवर तोंडातून ब्र काढायचा नाही.

मी काढलाही नाही. कितीतरी वर्षं मुकाट बसले. आमचं घर उतारावर आणि उताराच्या पायथ्याशी शाळा. बाबा रोज सकाळी लेकीला सोडायला निघायचे, मागच्या सीटवर आजी. शाळेच्या फाटकासमोर पोरं रस्ता ओलांडायची, बाबा ब्रेक दाबायचे आणि गाडी अलगद थांबायची. "काय झकास ब्रेक आहेत!" असं ते म्हणायचे. कौतुक सगळं ब्रेकचं, माझं नाव कुणी घेतलं नाही. असो.

मग पॅड झिजलं आणि मी ओरडले. काय सांगू तुम्हाला, कपाळावर हात मारून घ्यावा तर मला कपाळही नाही! बाबांनी आधी काच वर केली. मग रेडिओ मोठा केला. मग म्हणाले, "धूळ गेली असेल," आणि चाक धुतलं. मी इथे घसा फोडून ओरडतेय आणि हे मला आंघोळ घालतायत!

त्यात बाबांचं औषध एकच, तेल. दार करकरलं, तेल. शिलाई मशीन कुरकुरलं, तेल. आजीचा गुडघा ठणकला तरी, "आई, तेल लाव." लेक त्यांना तेलोबा म्हणते ते उगाच नाही.

एका रविवारी त्यांनी जॅक लावून चाक काढलं आणि तेलाची बुधली घेऊन माझ्यासमोर ठाण मांडलं. माझी तर पाचावर धारण बसली. चकतीला तेल लागलं तर पॅड पकडणार कशाला? उद्या सकाळी पोरं फाटकासमोर आणि गाडी उतारावरून थेट... मला ओरडायचं होतं हो! पण चाक फिरलं तरच मला आवाज फुटतो. इतके दिवस घसा खरवडला आणि ऐन वेळी मी मुकी!

दाराच्या पायरीवर आजी गुडघा चोळत बसली होती. "कशावर ओततोयस रे?"

"या चकतीवर. ब्रेक दाबला की ओरडते."

"आणि सोडला की गप्प?"

"हो."

"अरे, मग जे पकडायला ठेवलंय त्यालाच तेल? या दाराला घातलंस तेव्हा पायरीवर सांडलं होतं. धरला का पायरीने माझा पाय? पडलेच ना धाडकन!"

बाबांचा हात तसाच राहिला. त्यांनी वाकून पॅड पाहिलं. नखाएवढंही उरलं नव्हतं. बुधलीला बूच लावून त्यांनी मेकॅनिकला फोन केला.

आता नव्या पॅडवर नवी पट्टी बसली आहे आणि मी अंगणात भंगाराच्या डब्यात पडले आहे. तक्रार नाही. एकच मागणं आहे, मित्रांनो. कुणी ओरडलं तर त्याला गप्प करायची घाई करू नका. कधी ओरडतंय, कशाने ओरडतंय, तेवढं आधी विचारा.

काल आजी पायरीवर बसता बसता "आई गं" म्हणाली. बाबांचा हात सवयीने बुधलीकडे गेला. मी म्हटलं, झालं! पण तो अर्ध्यावरच थांबला. बाबा तिच्या शेजारी बसले.

"आई, गुडघा नक्की कधी दुखतो गं? चढताना की उतरताना?"

आजी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"उतरताना रे," ती म्हणाली. "कधीपासून सांगतेय."