गौराईला फाटक बंद

रावजी रेल्वेच्या पार्सल हपिसात गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचा. पण शुक्रवार पेठेत कुणालाही विचारा, सोलापूरचं टेसन रावजीच्या खांद्यावर उभं होतं. आपलं तोंड बघितल्याबिगर मेल हलतच नाही, असं तो स्वतः सांगायचा. ते खरंच असावं. ते तोंड बघितल्यावर कुणालाही निघून जावंसंच वाटायचं.

त्याची बायको विजयमाला हे सगळं ऐकत भाकरी करायची. नवऱ्याची बढाई जेवढी मोठी, तेवढी भाकरी मोठी. एकदा तर भाकरी एवढी झाली की भाजायला शेजारणीचा तवा जोडून घ्यावा लागला.

त्या साली भाद्रपदात घरात दोन गोष्टी एकदम आल्या. पहिली म्हणजे गौराईचा मान. सासूबाई गोजरबाईंचे गुडघे धरले, आणि अंगणातल्या तुळशीपासनं माजघरात गौराई आणायचं काम पहिल्यांदाच विजयमालाकडं आलं. मान कसला, परीक्षाच की ती! त्या घरची रीत अशी, की तुळशीपाशी तोंडात पाण्याची चूळ धरायची, सुपात गौराईचे मुखवटे घ्यायचे आणि गौराई पाटावर बसेपर्यंत पाणी गिळायचं नाही, सांडायचं नाही. म्हणजे चकार शब्द बोलायचा नाही. मग ती चूळ तुळशीत टाकायची.

गोजरबाईंनी चौघींसमोर बजावलं, "वाटंत तोंड उघडलंस, तर फुडल्या सालापास्नं सूप बजाबाईच्या हातात."

बजाबाई म्हणजे धाकटी जाऊ. तिनं हसू झाकायला तोंडावर पदर घेतला, पण पदर अपुरा पडला.

दुसरी गोष्ट म्हणजे आगगाडी. हपिसात एक खोका कुणी सोडवायलाच आलं नाही, तो रावजीनं लिलावात उचलला. आत चावीचं इंजन, तीन डबे आणि पत्र्याचे रूळ.

"यंदा गौराईफुडं रेल्वेची आरास!" रावजीनं जाहीर केलं. "आक्की पेठ तोंडात बोट घालील."

लेक ज्ञानू आणि धाकटी अनशी, दोघांना धरून तो कामाला लागला. आठवडाभर घरात भांडं म्हणून जागेवर राहिलं नाही. परातीत पाणी भरून तळं झालं, मधोमध करंडा ठेवून देऊळ झालं. चुलीच्या फुंकणीत उदबत्ती खोचून गिरणीचं धुराडं झालं. पोळपाटांचा भीमेवरचा पूल, उलथन्यांचे सिग्नल. पोत्यांच्या ढिगावर विजयमालाचं हिरवं इरकल लुगडं पांघरून डोंगर झाला आणि त्याच्या पोटातनं बोगदा. विजयमाला बिचारी आमटी फळकुटानं ढवळायला लागली.

रूळ मात्र बरोबर माजघराच्या दारात आडवे आले.

"आबा, भितीकडनं नेऊ की," ज्ञानू म्हणाला. "दारात कशाला?"

"गप रं. रेल्वे कुणाच्या दारासाठी वाकडी हुती व्हय? दारालाच फाटक करायचं."

मग दारात वेळूची काठी आडवी आली आणि अनशी फाटकवाली झाली.

गौराईच्या दिवशी पेठेतल्या बायका जमल्या. थाळ्या वाजायला लागल्या. बजाबाई पुढं वाकून कुंकवाची पावलं उमटवत होती, मागनं विजयमाला सूप धरून, गाल फुगवून.

"गौर आली का?"

"आली!"

"कशाच्या पावलानं आली?"

"सोन्याच्या पावलानं!"

सोन्याची पावलं दारापर्यंत आली आणि तेवढ्यात रावजीनं शिट्टी फुंकली. अंगात काळा कोट, डोक्यावर टोपी, हातात लाल निशाण. बायकांचा एवढा जमाव पुन्हा कुठला मिळायचा? त्यानं गाडी सोडली. गाडी तळ्याला वळसा घालून पुलावरनं गेली, बोगद्यात शिरली, आणि शिरली ती शिरलीच. आत खुडबुड झाली, मग सगळं गप्प.

"अडकली वाटतं," शेजारची चंद्रव्वा म्हणाली.

"अडकतीया कशानं? इंजन पानी घ्यायला थांबलंय."

"बोगद्यात?"

"मला रेल्वे शिकवू नगा!"

"रावजी, काठी काढ," ओसरीवरनं गोजरबाई ओरडल्या. "गौराई दारात खोळंबली."

"गाडी लाइनीत असताना फाटक? नियमात बसत न्हाय, आई. लाटसायेब आला तरी उघडायचं न्हाय. आदी इंजनाला पानी, मग फाटक."

बजाबाई हळूच मागं वळली. "अक्का, तुमीच सांगा की दादांस्नी. येकच शब्द. तुमचं ऐकत्यात ते."

विजयमालाच्या तोंडात तेव्हा एक शब्द नव्हता, चांगली चार गाडे भरून पोती होती. त्या शब्दांच्या धगीनं चुळीतलं पाणी आधी कोमट झालं, मग आंघोळीला चालेल एवढं तापलं. त्यात तिची नजर लाल निशाणावर गेली. ते निशाण नव्हतंच. गौराईच्या ओटीसाठी आणलेला तिचा कोरा खण होता तो, मधोमध कातरलेला! ओठ हलले. एक थेंब हनुवटीवर आला.

गोजरबाईंना परातीएवढा चंद्र दिसायचा नाही, पण तो थेंब दिसला. "सांडलं का गं?"

बजाबाईचे हात सुपाकडं निघालेसुद्धा.

"घाम हाय तो, आज्जी," अनशी काठी धरून म्हणाली.

विजयमालानं लेकीकडं बघितलं. नुसतं बघितलं. पुढच्या क्षणाला काठी वर.

"अनशे! कुणाला इचारून?" रावजी ओरडला.

"आबा, आईचा सिग्नल पडला की!"

गौराई रूळ ओलांडून आत गेली, आणि तिच्या पाठीमागं अनशीनं काठी पुन्हा खाली टाकली. बापानं शिकवलं होतं तसंच, अगदी नियमानं. मुखवटे पाटावर बसले. थाळ्या थांबल्या. बजाबाई कुंकवाचे हात कुठं पुसावेत ते बघायला लागली.

रावजीला कशाचंच भान नव्हतं. तो डोंगरात मुंडकं खुपसून बसला होता. इरकलाचा काठ चाकात गुंतला होता, तो फाडून त्यानं इंजन बाहेर काढलं आणि नाकासमोर धरून चावी द्यायला लागला.

विजयमाला शांतपणे त्याच्यासमोर आली, आणि सगळी चूळ फुर्र करून सोडली. इंजन भिजलं, टोपी भिजली, मिशा चिंब होऊन खाली लोंबल्या.

"घ्या पानी," ती म्हणाली. "सोडा आता गाडी."

बायका एवढ्या हसल्या की लांब गिरणीतल्या भोंगेवाल्याला वाटलं, पाळी सुटली.

"अगं, चूळ तुळशीत टाकायची असती!" गोजरबाई म्हणाल्या.

"तुळशीकडं जाऊ कशी, आत्याबाई? फाटक बंद हाय. नियमात बसत न्हाय."

गोजरबाईंनी ओल्या मिशांच्या लेकाकडं बघितलं, मग सुनेकडं.

"फुडल्या सालीबी सूप तुझ्याच हातात," त्या म्हणाल्या. "चूळ तेवढी जरा मोठी धर."