पाच खोकी आणि सहा पाद्री

आईचं मयत घरात होतं आणि माझी भावजय लुसिया अंगणात फुशारक्या मारत होती.

"वीस खोकी आणली, ताई! सोळाशे ताला मोजले, रोख!"

आहेर पुकारणाऱ्या वक्त्याने खणखणीत आवाजात पुकाराही केला, "वीस खोकी!" डबे गोमांसाचे की मासळीचे, ते नाही. आमच्या बेटावर मयताच्या आहेराचा पुकारा झाला की पाहुण्यांना वाटप होईपर्यंत खोक्यांवरची ताडपत्री उचलायची नसते. लुसियाला हे पक्कं ठाऊक.

पण मी गावच्या शाळेत गणित शिकवते. दुकानात गोमांसाच्या डब्यांचं खोकं एकशेचाळीस तालाला, मासळीचं साठला. चुलीपाशी बसून मी कोळशाने दगडावर मांडलं. गोमांसाची क्ष, मासळीची वीस वजा क्ष. सगळी मासळीच असती तर बाराशे झाले असते. वरचे चारशे गोमांसापायी, खोक्यामागे ऐंशी जास्त. क्ष बरोबर पाच.

आणि पाद्री आले होते सहा! एखाद्या पाद्र्याला मासळीचं खोकं दिलं की घराण्याचं नाक कापलंच. आईच्या नावाने गाव हसलं असतं.

मी तशीच उठले. "लुसिये, गोमांसाची पाचच? मेलेल्या आईला तरी सोडायचं होतंस!"

"ताई, हळू. लोक ऐकतायत," माझा भाऊ तावीता म्हणाला.

"ऐकू देत! आई अंथरुणाला खिळली तेव्हा कुठे होतास रे? ऑकलंडला!"

लुसिया हसली. "गणित छान जमलं हं, मास्तरीणबाई. पण वीसच्या वीस आमची. तुमची किती, तेही मांडा की!"

माझं एकही नव्हतं. पगार आईच्या औषधांत गेला होता, आणि औषधांचा पुकारा कोणी करत नाही.

वाटप सुरू झालं, ताडपत्री निघाली. गोमांसाची पाचच होती. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मग पाच पाद्र्यांपुढे खोकी गेली आणि सहावे म्हातारे पाद्री रिकाम्या हाताने बसून राहिले.

मी आत जाऊन पेटी उघडली. तळाशी आईने विणलेली बारीक विणीची चटई होती; आमच्यात याहून मोठा आहेर नाही. माझ्या लेकीच्या, तिरेसाच्या लग्नासाठी, डोळे जाईपर्यंत विणत होती ती.

तिरेसाने झाकण धरलं. "आई, ती माझी आहे."

"हात काढ."

मी चटई पाद्र्यांपुढे अंथरली. पुकारा करताना वक्त्याचा आवाज चढला, बायका पुढे सरकून बघायला लागल्या. लुसियाचं तोंड एवढंसं झालं. बरी जिरली, म्हटलं मनात.

मागच्या दारी तिरेसा भांडी घासत होती. मी हाक मारली. तिने वर पाहिलं नाही.

"बाई," ती म्हणाली. शाळेत मला म्हणते ना, तसं. "आजीच्या चटईचा भाव काय धरलात?"